आधी घुबड दाखवा

बसमध्ये चढली की ती पहिला हात कडक इस्त्रीच्या कोटासमोर करायची. पिशव्या सांभाळत दांड्याला लटकलेल्यांकडे नंतर. बाकीचे तिकीट तपासनीस नेमकं उलटं करतात हे तिला चांगलं माहीत होतं, आणि राग होता तो त्याचाच.

"मी रोजचाच आहे हो," कोटवाला म्हणायचा.

"मग रोज पास दाखवायची सवय असेलच," ती म्हणायची आणि पुढे केलेला हात तसाच ठेवायची.

तिच्या तक्रारी जायच्या. साहेबाने एकदा बोलावून समजावलं, बाई, जरा माणूस बघून विचारत जा. ती म्हणाली, "माणूस बघायला मी काय सोयरीक जमवायला निघालेय? मी तिकीट बघते." साहेबाने कपाळाला हात लावला आणि तिला जा म्हणाला.

आता अशा बाईला एका म्हाताऱ्याने कांद्याशेजारी पाखराचा फोटो काढून पाठवायला लावला, तेव्हा तिचं डोकं किती फिरलं असेल, तुम्हीच सांगा.

पण पाखरांचं आधी सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. तिच्या लहानपणी कपड्यांच्या एका साबणाच्या वडीवर, वेष्टनाच्या आत, पाखराचं चित्र असलेलं पुठ्ठ्याचं कार्ड यायचं. आई दुसऱ्यांच्या चादरी धुऊन द्यायची, त्यामुळे घरात साबणाला तोटा नव्हता. वडी फोडायची पाळी ठरलेली, एकदा आईची, एकदा लेकीची. चिमणी आली, सुतारपक्षी आला, साळुंकी तर इतक्यांदा आली की आई तिला शिव्या घालायला लागली. एक खंड्या असा आला की छपाईत चुकून त्याची चोच हिरवीगार झालेली. "मिरची चावलीय मेल्याने," आई म्हणाली होती. एकेक करत सगळी पाखरं घरात आली. घुबड तेवढं आलं नाही. त्या साबणाने हात सोलून निघायचे, तरी घुबडापायी आईने साबण बदलला नाही. मग एक दिवस कारखानाच बंद पडला आणि मायलेकींच्या संचात एका पाखराची जागा मोकळी राहिली ती राहिलीच.

लेक मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न झालं. नवरा खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचं काम करायचा, घरातच, दातांत खिळे धरून. त्यानेच एकदा फोनवर तो ग्रुप शोधून दिला. जगात ही साबणाची पाखरं जपणारी आणखीही खुळी माणसं होती तर! एकमेकांना कार्डं दाखवायची, अदलाबदल ठरवायची, पोस्टाने पाठवायची. ग्रुपचं नाव थवा.

थव्याचे नियम दोनच. जो नवा, त्याने आपलं कार्ड आधी पाठवायचं. जुन्याने ते मिळाल्यावर. आणि पाठवापाठवीच्या आधी दोघांनीही खुणेचा फोटो द्यायचा. म्हणजे समोरचा ऐन वेळी घरातली कुठलीही वस्तू सांगणार, ती कार्डाशेजारी ठेवून तिथल्या तिथे फोटो काढायचा. कुणाचंही छायाचित्र उचलून 'हे बघा माझ्याकडे आहे' म्हणणाऱ्याची तिथेच बोबडी वळते.

ही युक्ती काढली होती तात्यांनी. तात्या थव्यातले सगळ्यात जुने, घड्याळं दुरुस्त करणारे. आता हात थरथरतात म्हणून दुकान सुनेवर सोपवलेलं आणि स्वतः दिवसभर पाखरांत. ती थव्यात आली तेव्हा पहिली अदलाबदल त्यांच्याशीच ठरली, आणि त्यांनी लिहिलं, "बाई, साळुंकी कांद्याशेजारी ठेवा आणि फोटो धाडा."

ती भडकली. आयुष्यभर दुसऱ्यांची तिकिटं बघणारी ती, आणि आज तिच्याकडे कुणी तिकीट मागतो? "मी काय चोर दिसते का?" तिने लिहिलं.

"तुम्ही दिसतच नाही, म्हणून तर कांदा मागतोय," तात्यांचं उत्तर. "आणि उद्या मी काही द्यायला निघालो तर मलाही मागायचा. मी म्हातारा आहे म्हणून सोडायचं नाही."

ती हसली ती हसतच सुटली. नवऱ्याला वाटलं वेड लागलं हिला. तिने कांदा आणला, फोटो काढला, आणि त्या दिवसापासून तात्यांना ती मनोमन आपलं माणूस मानायला लागली. तात्या तिला 'कांदा' म्हणू लागले. चारचौघांत, उघड. तिला ते आवडायचं.

पण माणसांची गंमत बघा. तात्यांकडे खूण मागायला कुणीच धजलं नाही. तात्यांना काय विचारायचं! त्यांनीच तर नियम केला! हळूहळू असं झालं की तात्या सोडून सगळ्यांनी खूण द्यायची. तात्या कुरकुरायचे, "अरे मागा की मला," तर सगळे हात जोडल्याच्या चित्रांची रांग लावायचे. आदर म्हणतात त्याला.

आणि तात्यांकडे घुबड होतं. द्यायला मात्र तयार नव्हते. कुणी विषय काढला की म्हणायचे, "माझं घुबड कुणाकडे जायचं ते घुबडच ठरवेल."

इकडे आईच्या नजरेत मधोमध डाग धरला. समोर बघावं तर समोरचंच माणूस गायब, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, हेही हळूहळू जाणार, काही करता येत नाही. आई रडली नाही, चिडली. फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, "घुबड आलं का गं? बघ बाई, मला दिसतंय तोवर आण. मागनं आणलंस तर काय चाटायचंय?"

म्हणून त्या दिवशी तात्यांचा मेसेज आला तेव्हा तिने हातातलं काम तिथेच टाकलं. मेसेज तिला एकटीला होता. "घुबड देऊन टाकायचं ठरवलं आहे. तुमचा हिरव्या चोचीचा खंड्या पाठवा. मिळाला की घुबड निघेल. पण लगेच हवं, मागे बरेच जण थांबलेत." खाली पत्ता.

हिरव्या चोचीचा खंड्या थव्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. घुबडाच्या तोलामोलाचं तिच्याकडे ते एकच कार्ड. ते गेलं की द्यायला हातात काही उरत नव्हतं. पण घुबड मिळत असेल तर खंड्या गेला खड्ड्यात! तिने विचारसुद्धा केला नाही. आईला फोन लावला. "आई, घुबड येतंय." पलीकडून आई लहान मुलीसारखी ओरडली. मग तिने खंड्याला दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं, कडेने चिकटपट्टी लावली, आणि दुपारच्या सुट्टीत गणवेशातच पोस्टात जाऊन रांगेत उभी राहिली.

रांग हलत नव्हती. पुढचा माणूस खिडकीवर वाद घालत होता. उभ्या उभ्या तिने नुसतं सवयीने तात्यांना लिहिलं, "घुबडाशेजारी एक चमचा उलटा ठेवून फोटो धाडा हो." आणि स्वतःशीच हसली. तात्यांना किती बरं वाटेल! अखेर कुणीतरी मागितली खूण.

उत्तर आलं. "माझ्यावर अविश्वास? इतक्या वर्षांनी? वाईट वाटलं. तुम्हाला नको असेल तर दुसऱ्याला देतो."

तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिने तो मेसेज पुन्हा वाचला. मग पत्ता बघितला. तात्यांचं पाकीट एकदा तिच्याकडे आलं होतं, त्यावर दुकानाचा शिक्का होता. हा पत्ता कुठल्यातरी पार्सल-केंद्राचा, जिथे कुणीही जाऊन पाकीट उचलावं. खिडकीतली बाई म्हणाली, "पुढे या." ती पुढे गेली नाही. मागच्यांनी धक्के दिले, कुणीतरी पुटपुटलं. ती पुठ्ठा छातीशी धरून रांगेतून बाहेर पडली.

घरी नवऱ्याने ऐकलं आणि दातांतले खिळे काढले. "अगं, तात्याच आहेत ना ते? त्यांच्याच नावाने आलाय ना मेसेज? म्हातारा माणूस, बसला असेल रुसून. पाठवून टाक. आईचा तरी विचार कर."

"आईचाच करतेय! एकच खंड्या आहे माझ्याकडे. तो चोराच्या घशात गेला तर मग घुबड कशावर आणू, तुझ्या सोफ्यावर?"

"आणि खरंच तात्या असतील तर? घुबड दुसऱ्याने नेलं तर?"

भीती तीच होती. पण ती म्हणाली, "तात्या असते तर आतापर्यंत चमचा आणायला स्वयंपाकघरात गेले असते."

तिने थव्यातच सगळ्यांसमोर लिहिलं, की तात्यांच्या नावाने कोणीतरी घुबड द्यायला निघालंय, खूण मागितली तर देत नाही, कुणीही काही पाठवू नका. मग जो गहजब झाला तो विचारू नका! थव्याचा अ‍ॅडमिन दातांचा डॉक्टर होता. तो सगळ्यांत आधी उसळला. "बाई, ही तुमची बस नाही. तात्यांना तिकीट मागताय?"

"हो, मागतेय. तात्यांनीच सांगितलंय मागायला."

"काही लाज? त्यांच्या वयाचा तरी मान ठेवा."

"मान वेगळा, चमचा वेगळा. मान ठेवते, चमचा आणा."

मग तात्यांच्या नावाने तिथेच उत्तर आलं, फार दुःख झालं, असं असेल तर मी थवा सोडतो. झालं! सगळे तिच्यावर तुटून पडले. कुणी म्हणालं माफी मागा, कुणी म्हणालं हिला कार्डांतलं काय कळतं, कालची आलेली. जे एरवी तिच्याशी गोड बोलायचे ते मूग गिळून बसले. तिच्या बाजूने ब्र काढणारा एकही नव्हता. डॉक्टरने लिहिलं, "माफी मागा, नाहीतर काढावं लागेल."

तिने लिहिलं, "काढा. पण मी गेल्यावरही प्रश्न तोच राहील. घुबड दाखवा. आधी घुबड दाखवा, मग मी पायही धरीन."

डॉक्टरने काढून टाकलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिने सांगितलं, घुबड येत नाहीये, घोटाळा आहे. आई म्हणाली, "बरं." नेहमीच्या शिव्या नाहीत, चिडणं नाही, नुसतं बरं. फोन ठेवल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून पोटभर रडली. एक क्षण तिला वाटलं, द्यावा पाठवून खंड्या, जे व्हायचं ते होवो. मग तोंड धुतलं आणि स्वतःलाच म्हणाली, "अजिबात नाही. कुणाच्या बापाला भीत नाही मी."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती तात्यांच्या मागावर बसली. घरचा नंबर कुणाकडे नव्हता, थव्यात कुणी कुणाला नंबर देतच नसे. पण दुकानाला नंबर असतोच. पाकिटावरच्या शिक्क्यातलं दुकानाचं नाव तिला आठवत होतं. तिने नाव घालून शोधलं, तर पाटीचा फोटो निघाला, पाटीवर नंबर. लावला. बाईमाणसाने उचलला. मागे घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती.

"तात्या आहेत का हो?"

"मी त्यांची सून. मामंजी दवाखान्यात आहेत. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. तुम्ही कोण?"

आपण कोण हे सांगायचं सोडून तिने विचारलं, "आणि त्यांचा फोन?"

"त्या धावपळीतच गेला बघा कुठेतरी. दवाखान्यातच कुणीतरी उचलला असणार. फोनचं कुणाला सुचतंय, माणूस वाचला हेच खूप. आणि त्याला कुलूपबिलूप काही नव्हतंच. आकडे विसरतो म्हणून ते लावायचेच नाहीत."

ऐका! जगाला कांदा मागणाऱ्या माणसाने स्वतःच्या फोनला कुलूप लावलेलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं. सून आधी गोंधळली, मग हादरली, मग म्हणाली, "थांबा, मी आता त्यांच्याकडेच निघालेय. तिथे गेल्यावर लावते तुम्हाला फोन."

दुपारी फोन वाजला. आवाज खरखरीत, दम लागलेला. "कोण, कांदा का?"

तात्यांचा आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता, तरी तो ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. "तात्या, मी तुमच्याकडे चमचा मागितला."

"सुनेने सांगितलं." तात्या संतापले, आणि त्या चोरावर नाही! "एवढी माणसं, आणि एकानेही मला चमचा मागू नये? मी कुणालाही लुबाडावं आणि यांनी हात जोडून बघत बसावं? याला आदर म्हणतात? अहो, मला कुणी माणसातच धरलं नाही. एकट्या तुम्ही धरलंत."

नवरा पलीकडे हातोडी थांबवून उभा होता.

सुनेने तात्यांचा आवाज फोनवर भरून घेतला आणि स्वतः थव्यात शिरून तो तिथे टाकला. काय झालं ते तात्यांनी सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "ज्यांनी पाठवलं असेल त्यांनी लाजू नका, तोंड उघडा." तेव्हा कुठे एकेक तोंड उघडलं. बऱ्याच जणांनी कार्डं पाठवून टाकली होती, आणि तात्यांचं नाव मध्ये आहे म्हणून चकार शब्द काढला नव्हता. दोघातिघांची पाकिटं पार्सल-केंद्रात तशीच पडून होती, ती परत मिळाली. बाकीची गेली. डॉक्टरने आपला सुतारपक्षी सगळ्यांच्या आधी पाठवला होता. तो गेला तो गेलाच. म्हणून तर एवढा उसळला होता बिचारा. बिचारा म्हणायचं तर म्हणा, तिने म्हटलं नाही.

त्याने तिला मेसेज केला. झालं गेलं विसरा, थव्यात परत या.

तिने लिहिलं, "जिथून हाकललंत तिथेच, सगळ्यांसमोर बोलवा. आणि हे खरंच डॉक्टर बोलताहेत कशावरून? दात काढायची पक्कड हातात धरून फोटो धाडा."

डॉक्टरने फोटो धाडला. पक्कड हातात, तोंड पडलेलं. मग थव्यात सगळ्यांसमोर चूक झाली म्हणाला. ती परत गेली, आणि गेल्या गेल्या लिहिलं, "यापुढे जो सगळ्यात मोठा, त्याला सगळ्यात आधी विचारायचं." कुणी वाद घातला नाही.

तात्या घरी आले, काठी घेऊन उभे राहायला लागले. एका सकाळी ती कामावर निघायच्या गडबडीत असताना सुनेच्या फोनवरून फोटो आला. टेबलावर घुबड, गोल डोळ्यांचं, कान टवकारलेलं. शेजारी चमचा, उलटा. खाली लिहिलं होतं, "घुबडाने ठरवलं. मीच आधी पाठवतोय."

"अहो, नियमाने मी आधी पाठवायचं. मी नवी आहे."

"तुम्ही नव्या? खूण मागण्यात तुम्हीच थव्यातल्या सगळ्यात जुन्या. बरं, खंड्या कुठंय? मला काय माहीत तुमच्याकडे आहे की नाही. कांदा ठेवा शेजारी."

तिने कांदा ठेवला. कामावर उशीर झाला, साहेबाने विचारलं तर म्हणाली, तिकीट दाखवत होते.

घुबडाचं पाकीट आलं त्याच दिवशी ती आईकडे गेली. मधल्या दिवसांत आईची नजर आणखी उतरली होती. आई खिडकीपाशी बसलेली, दाराकडे कान लावून. तिने पाकीट फोडलं आणि कार्ड आईच्या हातात दिलं. आईने ते आधी डोळ्यांसमोर धरलं, मग चिडून बाजूला घेतलं, कारण समोर तिला नुसता डाग दिसत होता.

"खरं कशावरून?" आई म्हणाली.

"चमच्यावरून," ती म्हणाली. "सांगते नंतर."

आईने कार्ड नाकाला लावलं, हुंगलं. मग मान तिरकी केली, आणखी तिरकी, कार्ड कानाच्या बाजूला नेलं, जिथे अजून थोडं दिसत होतं, आणि तशीच थांबली. लेक बघत राहिली. आईच्या सोललेल्या हातांच्या जुन्या खुणा त्या पुठ्ठ्याच्या कडेला दिसत होत्या.

मग आई हसली. दात नसलेल्या तोंडाने, मोठ्याने.

"लपून बसलं होतंस ना मेल्या इतकी वर्षं?" ती घुबडाला म्हणाली. "बघितलं की नाही तुला!"